नंबर बाहेर जाणार नाही

विलास, मला एका जागी बसवत नाही. तू गेल्यापासून हेच चाललंय. सकाळी आपल्या खोलीचं शटर वर करते, पंखा लावते, खुर्ची ओढते आणि पुन्हा उठते. परवा तर शटर उघडं टाकून स्टेशनच्या पुलापर्यंत चालत गेले आणि तिथून धावत परत आले. आई म्हणते, चार दिवस घरी राहा. घरी राहून काय करू? तिथे भांडायला तू कधी नव्हतासच.

पेपरात तुझ्यावर छापून आलं. संगणक प्रशिक्षक, समाजसेवक, मनमिळाऊ. हे मनमिळाऊ कोणी लिहिलं ते मला शोधून काढायचंय. इतकी वर्षं आपण एका खोलीत काम केलं आणि एक आठवडा सरळ गेला नाही. स्क्रीनवरच्या बटणाचा रंग, इन्व्हर्टरची बॅटरी, रक्तदाता मंडळाच्या बैठकीत आधी कोणी बोलायचं, कशावरूनही आपलं वाजायचं. आणि एक भांडण तर तू अर्धंच टाकून गेलास. ते घेऊन मी फिरतेय.

तुला सिकल सेल आहे हे तू मला कधी सांगितलं नाहीस, मी ते पाहिलं. आपण दोघंही तेव्हा एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. थंडीचे दिवस होते. तू फळ्यासमोर उभा होतास आणि एकदम टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून खाली बसलास. चेहरा राखेसारखा. मी दारातून बघत राहिले तर म्हणालास, "काऊन पाहून राहिली? माझा तास घे ना." मी तास घेतला. मग कळलं की तुझ्या रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, अडकून बसतात आणि मग हाडं आतून ठणकतात. आपल्या भागात हे दुखणं गावोगाव आहे, पण इतक्या जवळून मी ते पहिल्यांदा पाहिलं. तुला रक्त लागायचं. तुझा गट ओ निगेटिव्ह, तो सहजी मिळायचा नाही. रक्तदाता मंडळात तू ओढला गेलास तो असा, आणि मला तू ओढलंस.

मंडळाने दात्यांची नावं आणि नंबर छापून दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवले होते. त्यात सरिताचं नाव होतं, नर्सिंगचं शिकणारी मुलगी. तिला भलत्याच लोकांचे फोन येऊ लागले. तिचे वडील खोलीवर आले, दारातच उभे राहिले. "नाव काढा जी माझ्या पोरीचं. फोन उचलला का माणसं काहीबाही बोलून राहिले." बसा म्हटलं तरी बसले नाहीत. दुपारी तू बादली आणि पत्र्याचा तुकडा घेऊन गेलास आणि भिंतीवरचे सगळे कागद ओले करून खरवडून काढलेस. सरिताने पुन्हा रक्त दिलं नाही. तिच्या दोन मैत्रिणींनीही नाही.

त्यानंतर मी प्रोग्रॅम लिहायला घेतला. दात्याचं गाव, गट, याआधी रक्त कधी दिलं, कोणासाठी दिलं, सगळं त्यात. खोलीतल्या मशीनवर तो छान चालायचा, पण फक्त खोलीतच. देवरीच्या, अर्जुनीच्या, चिचगडच्या माणसाने काय करायचं? त्याला बाहेरून विचारता आलं पाहिजे, यावर आपलं एकमत होतं. मी म्हटलं, मुंबईतला सर्व्हर भाड्याने घेऊ आणि सगळं उचलून तिकडे ठेवू. इथे लोडशेडिंगमध्ये दिवसाचे किती तास जातात. तू म्हणालास, "नावं आपल्या खोलीच्या बाहेर जाणार नाही."

मग तू मधला रस्ता काढलास. भाड्याचा वेब सर्व्हर पुढे ठेवायचा. लोकांची विनंती त्याच्याकडे येणार, तो ती गोंदियातल्या आपल्या ॲप्लिकेशन सर्व्हरकडे, म्हणजे खोलीतल्या मशीनकडे, पाठवणार, आणि उत्तर त्याच वाटेने परत जाणार. आपलं मशीन फक्त त्या एका सर्व्हरला उत्तर देणार, थेट येणाऱ्या कोणाला नाही. शोधणाऱ्याला दाते आहेत की नाहीत एवढंच दिसणार. नंबर आतच राहणार आणि दात्याला फोन मंडळ करणार. बैठकीत अध्यक्षकाकांना हे समजेना. तू त्यांना म्हणालास, "काका, पुढचा सर्व्हर फक्त निरोप नेते अन् आणते. त्याले स्वतःले काही मालूम नाही." काका म्हणाले, "मंग त्याले पैसे कायचे देऊन राहिलो?" त्या दिवशी तू पोट धरून हसला होतास.

देवरीचा तो दिवस तुला आठवत असेल. खोलीत बसून बघितलं तर सगळं चालत होतं. मी म्हटलं, खऱ्या ठिकाणाहून बघितल्याशिवाय मी मानणार नाही, आणि एसटीने देवरीला गेले. हायवेलगतच्या सायबर कॅफेत बसले, मोबाइल कानाला, तू गोंदियात.

"उघडलं?"

"उघडलं. मंडळाचं नाव दिसतंय. शोधायची चौकटही दिसतेय."

"मंग दाब ना."

मी गट निवडला, बटण दाबलं. पांढरं पान. बराच वेळ पांढरंच. मग इंग्रजीत, पान उघडता येत नाही.

"इथं तर येऊन राहिलं," तू म्हणालास.

"तिथे येणारच. तू मशीनला टेकून बसलायस."

"वरच्या पट्टीत काय लिहून आहे ते वाच."

मी एकेक आकडा वाचला. शेवटचा आकडा वाचून झाला. तुझं हसू ऐकू आलं. "अरे, हा तर आतला पत्ता सांगून राहिला लोकायले."

विनंती आत कशी न्यायची ते तू पुढच्या सर्व्हरला लिहून दिलं होतंस. पण शोधाचं बटण दाबलं की आतला प्रोग्रॅम म्हणायचा, आता पुढच्या पानावर जा, आणि पत्ता स्वतःचा द्यायचा. पुढचा सर्व्हर तो जसाच्या तसा बाहेर देत होता. देवरीचं मशीन त्या पत्त्यावर थेट आपल्या खोलीकडे जायचं, आणि आपलं मशीन थेट आलेल्याला उभं करत नव्हतं. जाणाऱ्या निरोपाची सोय केली होती, येणाऱ्याची राहिली होती. तू म्हणालास, थांब, एक ओळ अजून पाहिजे, उत्तरात आतला पत्ता आला की त्याजागी बाहेरचा घालायचा.

कॅफेवाला मागे येऊन उभा. "मॅडम, और कितना टाइम? पीछे लोग बैठे हैं."

"बस, हो गया, भैया."

तू ओळ लिहिलीस, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केलास. "आता दाब."

दाबलं. आलं. मी मोठ्याने वाचलं, तुला ऐकू जावं म्हणून. देवरी परिसरात या गटाचे दाते आहेत, मंडळ संपर्क करेल. मागे बाकावर बसलेला एक माणूस उठून जवळ आला. "ये खून मिलने का है क्या? मेरे भांजे को लगता है." मी फोन कानाशी धरूनच होते. तू ऐकलंस आणि म्हणालास, "त्याले बसव तिथं. जाऊ देऊ नको." परतीच्या एसटीत मला खिडकीशी जागा मिळाली होती आणि साकोलीपर्यंत, माहीत नाही का, मी रडत होते. चुकीच्या गाडीत बसले होते हे मला साकोली आल्यावर कळलं. हे तुला मी कधी सांगितलं नाही. तू वर्षभर चिडवलं असतंस.

आता ते भांडण.

पुढच्याच हिवाळ्यात चिचगडचा एक बाप देवरीला आला. मुलगी दवाखान्यात, रक्तपेढीत तिच्या गटाचं रक्त नाही. त्याने आपलं पान उघडलं तेव्हा इथे लाइट नव्हती, इन्व्हर्टरही संपला होता. पुढचा सर्व्हर चालू, आतला बंद. त्याला दिसली ती इंग्रजीतली एक ओळ, जी त्याला वाचताही आली नाही. लाइट आल्यावर त्याने पुन्हा पाहिलं. दाते आहेत, मंडळ संपर्क करेल. मंडळ म्हणजे तू आणि मी. मी नागपूरला चुलतबहिणीच्या लग्नात, आणि तू स्वतः इथे गोंदियाच्या दवाखान्यात, दुखण्याने वळलेला. संध्याकाळी कोणाच्या तरी लक्षात येईपर्यंत तिला नागपूरला हलवलं होतं. मुलगी वाचली. पण वाचली ते आपल्यामुळे नाही.

मी लग्नाच्या साडीतच तुझ्या पलंगाशी येऊन उभी राहिले. विचारपूसही केली नाही.

"नंबर समोर दिसला असता तर बापाने स्वतः फोन लावला असता."

"अन् सरिताच्या बापाले काय सांगू?"

"इथे पोरगी मरत होती, विलास."

"दाते घाबरून निघून गेले तर तुह्या पानावर कोण दिसन? नुसती चौकट?"

"आणि तू असा पडलास तर फोन कोण करणार? दर हिवाळ्यात पडतोस."

त्यावर तू भिंतीकडे तोंड केलंस. हाताला सलाइन होती, म्हणून पूर्ण वळता आलं नाही. मी निघून गेले.

बरा होऊन आलास आणि माझ्याशी न बोलता मशीनवर बसलास. आतलं मशीन उत्तर देत नसेल तेव्हा पुढच्या सर्व्हरने काय दाखवायचं, ते तू बदललंस. इंग्रजी ओळ गेली. तिथे मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात आलं: मशीन बंद आहे, माणूस चालू आहे, रक्तासाठी फोन करा. खाली तुझा मोबाइल नंबर. तोच नंबर शोधाच्या उत्तराखालीही टाकलास. खुर्ची फिरवून मला म्हणालास, "दात्यायचा नाही देणार. माझा घे म्हण सगळ्यायले."

मी म्हटलं, हे उत्तर नाही. माझ्या प्रश्नाला बगल आहे. एक आजारी माणूस अख्ख्या जिल्ह्याचे फोन किती दिवस उचलणार? तू म्हणालास, "पाहू." तुझं हे पाहू मला अजून ऐकू येतं.

त्यानंतर दर हिवाळ्यात मी वाट पाहायची की आता एखादा फोन चुकेल आणि मग मी तुला दाखवून देईन. फोन चुकला नाही. तू दवाखान्यात इंजेक्शनच्या गुंगीत असायचास आणि तरी सालेकशाचा दाता वेळेवर पोचलेला असायचा. मला वाटायचं, हा दात आवळून फोन करतो. राग यायचा आणि त्या रागातच अभिमानही वाटायचा. दोन्ही मी तुला दिसू दिले नाहीत. तू विचारायचास, "काय, नंबर उघडे करून राहिली का?" मी म्हणायचे, "करीन एक दिवस." पासवर्ड दोघांकडे होता. मी केले नाहीत, आणि मी ते करणार नाही हे तू जाणून होतास. यावर आपण कधी बोललो नाही.

या वेळचं दुखणं छातीत उतरलं. नागपूरला नेताना भंडाऱ्याच्या अलीकडेच तू गेलास. मी मागच्या गाडीत होते. तुझी गाडी कडेला थांबलेली दिसली तेव्हा मला वाटलं, सलाइन बदलत असतील. तेवढंच लिहिते. त्या जागेबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तेरवीच्या आधी मी तुझ्या घरी गेले. मनाशी ठरवून गेले होते की त्या पानावरचा तुझा नंबर काढायचा आणि माझा टाकायचा. संगीतावहिनी आतल्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या, तुझी आई शेजारी पडून होती. तुझा फोन वहिनींच्या मांडीवर होता.

मी म्हटलं, "वहिनी, लोकांचे फोन येत असतील. मी आजच नंबर बदलते. तुम्हाला या दिवसांत त्रास नको."

"कायले बदलता?"

"कोण उचलणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो थकलेला, कोरडा चेहरा मी विसरणार नाही. "ताई, इतके हिवाळे तुम्हाला काय वाटलं? ते लावत होते फोन? त्यांना तर पेला धरवत नव्हता."

मी खाली बसले.

त्या चिचगडच्या मुलीनंतर तू दवाखान्यातून घरी आलास आणि पहिल्या दिवशीच फोन त्यांच्या हातात दिलास, असं त्या म्हणाल्या. कोणत्या गावाला कोण दाता आहे, कोणाला दुपारी फोन करायचा नाही, कोणाच्या सासूला आधी विचारावं लागतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. बायकांना फोन त्याच करायच्या, तू बरा असलास तरी. म्हणून बायका रक्त द्यायला पुन्हा येऊ लागल्या. मी ते आपल्या प्रोग्रॅममध्ये आकडे वाढताना पाहिलं होतं आणि श्रेय शोधाच्या नव्या पानाला दिलं होतं.

"मला सांगितलं का नाही कोणी?"

"ते सांगणार होते. मीच नको म्हटलं. तुम्हाला समजलं असतं तर तुम्ही मले त्या खोलीत मशीनपुढं नेऊन बसवलं असतं. मले त्याची भीती वाटते." आणि तू गेल्यानंतर पहिल्यांदा त्या जरा हसल्या. मलाही हसू आलं, कारण मी खरंच बसवलं असतं.

पण विलास, मी तुला विचारते. मी पलंगाशी उभी राहून म्हटलं, फोन कोण करणार, आणि तू भिंतीकडे वळलास. म्हणजे ते तुला पटलं होतं. घरी जाऊन तू त्याची सोयही केलीस. आणि मग इतकी वर्षं मला भांडू दिलंस? एकदा म्हणायचं होतं, हेमा, तुझं हे बरोबर होतं. एवढं वाक्य तुझ्या तोंडून निघालं नाही. मी पण कधी म्हटलं नाही की तू दात्यांना जपलंस म्हणून दाते राहिले. चूक-बरोबर बाजूला ठेव. ते तुला ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, एवढंच मला खुपतंय.

मी तिथे बसलेले असतानाच फोन वाजला. वहिनींनी डोळे पुसले नाहीत, घसा खाकरला नाही, सरळ उचलला.

"हो, बोला... ते नाहीत. मी त्यांची घरवाली बोलून राहिली. पेशंट कुठं आहे?... ओ निगेटिव्ह. सिकल सेलच ना? कोण लागतो तुमचा?... बरं. रडू नका. पोराला पाणी पाजत राहा, घोटघोट का होईना. अंगावर गरम कपडा ठेवा. मी लावते फोन." ठेवला आणि लगेच दुसरा लावला. मग मला म्हणाल्या, "ताई, तुमची स्कूटी आहे ना? नागऱ्याहून धनराजला आणा. त्याची गाडी बिघडून आहे."

धनराजचं नागऱ्याला वेल्डिंगचं दुकान आहे. मी त्याचं नाव वर्षानुवर्षं स्क्रीनवर पाहत आले, माणूस पहिल्यांदा पाहिला. त्याने काम तसंच सोडलं, हात धुतले आणि मागे बसला. रेल्वे फाटक बंद होतं, मालगाडी संथ चालली होती. तेव्हा म्हणाला, "ताई, एक विचारू का जी? विलासभाऊचा गट माझाच होता. त्यायले कधी माझं लागलं का?"

मी स्कूटी बंद केली.

"मी भाऊले विचारलं होतं एकदा," तो म्हणाला. "तर म्हणाले, धनराज, दिलं का विसरून जायचं."

पेशंटचं नाव दात्याला सांगायचं नाही, दात्याचं पेशंटला नाही. हा तुझा नियम माझ्या प्रोग्रॅममध्ये मीच बसवला होता आणि मला उत्तर माहीत होतं.

"लागलं होतं," मी म्हटलं. "मागच्या हिवाळ्यात. आणि त्याच्या आधीही."

फाटक उघडलं, मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. रक्तपेढीत धनराज पलंगावर आडवा झाला, बाही वर केली आणि सिस्टरला म्हणाला, "एका पिशवीनं नाही भागत असन तर अजून काढा जी." सिस्टर म्हणाली, तसं करता येत नाही. त्याने मान भिंतीकडे फिरवली आणि दुसऱ्या हाताने डोळे झाकले. मी दाराशी उभी होते. कितीतरी दिवसांनी माझे पाय एका जागी थांबले होते.

मी तुझा नियम मोडला, विलास. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुला वाटत असेल तर भांड.